नर्सिंग आणि घर: ड्युटी लिस्ट आपल्या हातात कशी आणायची?

पाण्याचा दिवस
सोमवार, रात्री १०:४५

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली नर्स. नोकरीला ९ वर्षं झाली, त्यातली ६ छत्रपती संभाजीनगरच्या एका ६० बेडच्या खाजगी हॉस्पिटलात. हातात साडेसोळा हजार येतात. मुलगी साडेचार वर्षांची. नवरा वाळूजला कंपनीत, त्यालाही शिफ्ट. सासूबाई पैठणकडे गावी असतात. सासरे अंथरुणावर आहेत, त्यामुळे त्यांना इकडे बोलावता येत नाही.

गेल्या गुरुवारी नाइट करून साडेनऊला घरी पोचले. आमच्या गल्लीत पाणी रोज येत नाही, आणि नेमका तो पाण्याचा दिवस होता. ड्रम भरले, मुलीला बालवाडीत सोडलं, जरा डोळा लागला तर बाराला इन्चार्ज सिस्टरांचा फोन. इव्हिनिंगवाली आजारी पडली, दोनला ये. गेले. रात्री आठला पुढच्या सिस्टरला वॉर्ड सोपवून परत आले, तर मुलगी शेजारच्या काकूंच्या मांडीवर बालवाडीच्या गणवेशातच झोपलेली. दुपारपासून कपडे बदलू देत नव्हती म्हणे, आई आल्यावर बदलीन म्हणाली.

त्या रात्री राजीनामा लिहिला. अजून दिलेला नाही, पर्समध्ये आहे. देववत नाही, कारण काम मला मनापासून आवडतं. मला वॉर्ड कळतो. पेशंट बिघडायला लागला की मॉनिटर ओरडायच्या आधी माझ्या लक्षात येतं. ही नऊ वर्षांची कमाई घरी बसून कुठे ठेवू?

ज्यांनी नर्सिंगमध्येच राहून घर सांभाळलं त्यांनी कसं जमवलं ते सांगा. नाइट कुठे नसते, पगार किती घटतो, पुढे काय शिकावं लागतं. खरं असेल ते सांगा, कडू असलं तरी चालेल.

बालाघाट
सोमवार, रात्री ११:३०

ताई, राजीनामा पर्समध्येच राहू द्या.

मी बीड जिल्ह्यात उपकेंद्रावर सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे. बी.एस्सी. नर्सिंग आणि मग सामुदायिक आरोग्याचा ६ महिन्यांचा कोर्स. २५ हजार मानधन, आणि कामाच्या निकषांवर १५ हजारांपर्यंत वरचे. नाइट नाही. साधारण ५ हजार लोकवस्ती माझ्याकडं आहे. बीपी-शुगर, गरोदर बाया, लसीकरणाला हातभार, फोनवरून डॉक्टरांचा सल्ला मिळवून देणं, असं काम.

आमच्याकडं कामाला ऋतू असतो. दसऱ्याच्या सुमारास निम्मं गाव कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जातं. त्याच्या आधीचा महिना श्वास घ्यायला फुरसत नसते. कुणाला सातवा महिना लागलाय, कुणाच्या बाळाचा डोस राहिलाय, कोण बीपीच्या गोळ्या संपल्या म्हणून तशीच निघालीय. सगळ्यांच्या पिशवीत कार्ड आणि गोळ्या बांधून देते. फडावर त्या बाईला बघायला कुणी नसतं, हे मला ठाऊक आहे. माझे आईवडील वीस वर्षं तोडणीला गेलेत. एकदा गाड्या हलल्या की गुढीपाडव्याच्या आसपासपर्यंत काम हलकं होतं. त्या दिवसांत मी मुलाचा अभ्यास घेते.

फक्त माझ्या वेळी जीएनएमवर भागलं नव्हतं, बी.एस्सी. मागितलं होतं. जाहिरात निघाली की पात्रता नीट बघा.

मुदखेडची लेक
मंगळवार, सकाळी ७:१०

बालाघाट ताईंचं खरं आहे, पण दुसरी बाजूही येऊ द्या. मीही उपकेंद्रावरच आहे, एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका. नाइट नसली तरी रात्र मोकळी नसते. दिवसभर वस्त्या फिरायच्या आणि जेवणं झाली की मोबाइलवर माहिती भरायची. लेकरू शेजारी "आई बघ ना" म्हणतंय आणि मी नेटवर्क शोधत ओट्यावर उभी. शिवाय कंत्राटी असलो की दरवर्षी पुनर्नियुक्तीची धाकधूक.

ताईंना एक सुचवते. शाळा-अंगणवाडी तपासणीची पथकं असतात, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली. एका पथकात दोन डॉक्टर, एक फार्मासिस्ट आणि एक नर्स. अंगणवाडी वर्षातून दोनदा, शाळा एकदा. काम शाळेच्या वेळेत संपतं. हेही कंत्राटीच, पण लहान मुलं असलेल्या बाईला ती वेळ सोन्यासारखी आहे. माझ्या मैत्रिणीने त्या पथकात ५ वर्षं काढली. तेवढ्यात तिची दोन्ही मुलं शाळेला लागली.

अक्का
मंगळवार, दुपारी ४:००

मी ३४ वर्षं सरकारी नोकरी केली. स्टाफ नर्स म्हणून लागले, परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. शेवटची ११ वर्षं ड्युटी लिस्ट मीच करत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पोरी, तू थकलीस ती नाइटने असं तुला वाटतंय. तुझा गुरुवार परत वाच. नाइट तुला आधीपासून माहीत होती, तिची तजवीज तू केलीच होतीस. तुला मोडलं ते बाराच्या फोनने. माझ्या हाताखालच्या बायांनी नाइटवरून नोकरी सोडलेली मी फारशी पाहिली नाही. उद्या काय लागेल ते कळत नाही, यावरून सोडलेल्या मात्र डझनभर पाहिल्या.

तो फोन का येतो त्याचा हिशोब मांडू. तुझ्या वॉर्डात सकाळी, दुपारी आणि रात्री किती जणी लागतात? आणि एकूण किती आहात?

पाण्याचा दिवस
मंगळवार, रात्री ९:२०

अक्का, सकाळी २, दुपारी २, रात्री १. एकूण ६ जणी.

अक्का
मंगळवार, रात्री ९:५५

मॉर्निंग ६ तास, इव्हिनिंग ६ तास, नाइट १२ तास. दोन-दोन आणि एक धरल्या तर दिवसाचे ३६ तास, आठवड्याचे २५२. एका बाईचे ४८ तास धरले तर सव्वापाच बाया लागतात. मालक इथेच थांबतो आणि म्हणतो, सहा आहेत की. पण बाई आजारी पडते, तिच्या घरात लग्न निघतं, तिचं पोर तापतं. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात रजेसाठी ३० टक्के माणसं जादा धरायची असतात ती याचसाठी. ते धरलं की आकडा सातच्या घरात जातो. तुमच्याकडे सातवी नाही. म्हणून सातवीचं काम आळीपाळीने तुम्ही सहा जणी झोप मोडून करता. हा इन्चार्जचा दुष्टपणा नसतो, तिच्या हातात माणूसच नसतं.

"मला नाइट नको" असं सांगायला जाऊ नकोस. तुझी नाइट दुसरीच्या गळ्यात पडेल आणि ती तुझ्याशी बोलणं सोडेल. सहा जणी मिळून जा आणि दोन गोष्टी मागा. लिस्ट महिना सुरू व्हायच्या दहा दिवस आधी लागावी. आणि ऐनवेळी बोलवायला वेगळी माणसं असावीत, नाइट उतरलेली बाई नको.

ब्रदर परभणी
बुधवार, सकाळी १०:१५

अक्कांचं पटलं, पण एक बोलतो, कुणी वाईट वाटून घेऊ नका. मी स्टाफ ब्रदर आहे, २८ वर्षांचा, लग्न व्हायचंय. आमच्या आयसीयूत लेकुरवाळ्या सिस्टरांना सांभाळून घेतात आणि उरलेल्या सगळ्या नाइट माझ्यावर येतात. "तुला काय घर ना दार." महिन्याला १२-१३ नाइट. माझ्या वडिलांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, त्यांना घेऊन मीच जातो. हेही घरच आहे ना?

आणि मी एम्सच्या नर्स भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करायलोय. नाइटनंतर पुस्तक उघडलं की अक्षरं हलतात.

अक्का
बुधवार, सायंकाळी ६:३०

बाळा, वाईट कशाला वाटेल, तू न्यायाचं बोललास. ही चूक मीही केली आहे. एका बिनलग्नाच्या मुलीला मी दोन वर्षं दिवाळीत नाइट लावली. तिची आई गावी एकटी असायची, हे मला ती नोकरी सोडून गेल्यावर कळलं. त्यानंतर मी एक वही ठेवली. प्रत्येकाने महिन्याच्या १५ तारखेपर्यंत त्यात दोन दिवस लिहायचे, जे काही झालं तरी सुट्टीचेच पाहिजेत. कारण लिहायचं नाही. कुणाला लेकराचं गॅदरिंग, कुणाला बापाचं डायलिसिस, कुणाला नुसतं झोपायचं असेल. कारण विचारलं की कुणाचं मोठं आणि कुणाचं लहान हे ठरवणं आलं, आणि ते ठरवणारे आपण कोण?

नाइट सलग तीन-चारच्या वर नको, हे तुझ्या इन्चार्जला सांग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्येच रात्रपाळीचं काम कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या गटात टाकलं. भीती घालायला सांगत नाही, पण बारा-तेरा नाइट एकाच अंगावर टाकणं बरोबर नाही, लग्न झालेलं असो वा नसो.

कयाधू
बुधवार, रात्री १०:००

हिंगोलीहून. डायलिसिस युनिटला ७ वर्षं आहे. एका पेशंटला चार तास मशीनवर, सकाळी साडेसहाला पहिली बॅच, संध्याकाळी सहापर्यंत दुसरी उतरते. आमच्याकडं रात्री युनिट बंद असतं, रविवार सुट्टी. कोण कोणत्या वारी येणार हे महिनोन्महिने ठरलेलं असतं, त्यामुळं लिस्टही ठरलेली. पगार वॉर्डाएवढाच.

काम सोपं समजू नका. फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी हातात तयार केलेल्या रक्तवाहिनीत, सुई बसवायला हात तयार व्हावा लागतो, आणि तेच पेशंट वर्षानुवर्षं येतात. एखादी खुर्ची रिकामी दिसली की पोटात कालवतं. पण मी रोज संध्याकाळी घरी असते.

चंपावती
गुरुवार, दुपारी १:१०

मीही जीएनएमच होते. नोकरी करत पैसे साठवले आणि मग दोन वर्षं पोस्ट बेसिक बी.एस्सी., म्हणजे जीएनएमनंतर करायची नर्सिंगची पदवी, केलं. आता नर्सिंग स्कूलला ट्यूटर आहे, नऊ ते पाच. सुरुवातीला पगार हॉस्पिटलपेक्षा कमीच होता. मुलींना क्लिनिकलला नेते तेव्हा वॉर्डाचा वास येतो, बरं वाटतं.

सावध एवढंच करते, काही ठिकाणी फक्त तपासणीपुरतं तुमचं नाव आणि रजिस्ट्रेशन मागतात. देऊ नका. ओरिजिनल सर्टिफिकेट तर कुणाच्याच कपाटात ठेवायला देऊ नका, हॉस्पिटल असो की कॉलेज.

गोदाकाठ
गुरुवार, रात्री ११:५०

पाण्याचा दिवस ताई, तुमचं वाचून झोप आली नाही. मी तो राजीनामा दिला होता. जुळी मुलं झाली, सोडून दिलं. म्हटलं दोन वर्षांनी परत जाऊ. सहा वर्षं गेली.

परत जायला निघाले तेव्हा कळलं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, माझं संपलेलं. नूतनीकरणाला सीएनईचे, म्हणजे नर्सनी पुढेही करत राहायच्या प्रशिक्षणाचे, क्रेडिट लागतात, घरी बसून माझ्याकडं एकही नव्हता. कागद जमवण्यात चार महिने गेले. ते झालं, पण खरी अडचण माझ्या हाताची होती. पहिल्या दिवशी सलाइन-औषध मोजून सोडणाऱ्या नव्या इन्फ्युजन पंपासमोर उभी राहिले आणि रडू आलं. बरोबरीच्या मैत्रिणी इन्चार्ज झालेल्या.

ज्यांना थांबायचंच आहे त्यांनी थांबावं, लेकरं लहान असतात ते दिवस परत येत नाहीत. पण रजिस्ट्रेशन जिवंत ठेवा, वर्षातून एकदोन सीएनई करत राहा, आणि महिन्यातून दोन दिवस का होईना हात चालता ठेवा. मी आता नांदेडात घरोघरी जाऊन ड्रेसिंग, कॅथेटर, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) करते. डॉक्टरांची लेखी चिठ्ठी असल्याशिवाय सुईला हात लावत नाही आणि अनोळखी घरी पहिल्यांदा नवऱ्याला घेऊन जाते. वेळ मी ठरवते.

औसा रोड
शुक्रवार, सकाळी ८:४०

लातूरला इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे, हॉस्पिटलात संसर्ग पसरू नये ते बघते. हेही दिवसाचंच काम, मोठ्या हॉस्पिटलांत ही जागा असतेच. ज्यांना आकडे आणि नोंदी आवडतात त्यांनी विचार करावा.

कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा २६ आठवडे आहे, पहिल्या दोन मुलांसाठी, भरपगारी. आधीच्या वर्षभरात ८० दिवस काम झालेलं असलं की पुरे. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणं बंधनकारक आहे आणि आईला दिवसात चारदा तिथे जाता येतं. ताई, ६० बेडच्या ठिकाणी डॉक्टर, मावश्या, वॉचमन, लॅब, बिलिंग सगळे मोजा. पन्नासच्या वर निघतील.

पगाराचंही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने ५० पर्यंत बेड असलेल्या खाजगी हॉस्पिटलातसुद्धा नर्सला २० हजारांच्या खाली पगार नसावा असं म्हटलं. ५० ते १०० बेडला सरकारी पगारापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त तफावत नको. शिफारस आहे, अंमल राज्यांवर सोडलेला. तरी तुमचे साडेसोळा कुठे बसतात ते बघा. पगार पुरेसा असता तर मुलीसाठी चार तास एखादी मावशी ठेवता आली असती. घर आणि काम जमत नाही म्हणतो त्यातलं निम्मं न जमणं पैशाचं असतं.

अक्का
शुक्रवार, दुपारी १२:१५

अगदी बरोबर. सरकारीत २०१८ पासून बायकांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत तुकड्यांनी घेता येते. आमच्या वेळी नव्हती. माझ्या थोरल्याची दहावी मी वॉर्डातल्या फोनवरून घेतली.

लांब गेलेली
शनिवार, रात्री १:३०

मी मूळची उदगीरची, सध्या इंग्लंडमध्ये एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य सेवेत आहे. इथे आठवड्याचे साडेसदतीस तास. बहुतेक जणी तीन लांब ड्युट्या करून चार दिवस घरी असतात. माझ्या वॉर्डाची लिस्ट सहा आठवडे आधी लागते. कामाच्या वेळा बदलून हव्यात असा अर्ज नोकरीच्या पहिल्या दिवसापासून करता येतो.

पण इथली सर्वांत उपयोगी सोय म्हणजे "बँक". हॉस्पिटलकडे ओळखीच्या नर्सेसची यादी असते. त्यांनी आपल्याला जमतील त्या ड्युट्या उचलायच्या आणि तेवढ्याचे पैसे घ्यायचे. कुणी आजारी पडलं की आधी बँकेत ड्युटी टाकतात. लेकुरवाळ्या, निवृत्त, शिकणाऱ्या, सगळ्या त्यात असतात. गोदाकाठ ताई, तुमच्यासारख्यांचा हात इथे याच सोयीमुळे चालता राहतो.

इथे सगळं गोड आहे असं नाही. इंग्रजीची परीक्षा, मग इथली प्रात्यक्षिक परीक्षा, त्यात वर्ष-दीड वर्ष गेलं. पाळणाघराला पगाराचा मोठा घास जातो. आणि मुलगा तापला की डोक्यावर हात ठेवायला आई नाही.

शाळामास्तर
शनिवार, सकाळी ९:००

मी नर्स नाही, नर्सचा नवरा आहे. जालना जिल्ह्यात जि. प. शाळेवर. आमचं भांडण नाइटवरून कधी झालं नाही, नाइटच्या दुसऱ्या दिवसावरून व्हायचं. ती घरात दिसायची म्हणून आम्ही धरून चालायचो की ती मोकळी आहे. गॅस आला की तिनेच उठायचं, पाहुणे आले की चहा तिनेच. एकदा ती गॅसवर दूध ठेवून उभ्याउभ्या झोपली. तेव्हापासून दोन वाजेपर्यंत तिच्या खोलीचं दार बंद आणि तिचा फोन माझ्याकडे. शाळेच्या दिवशी फोन बंद करून ठेवतो. माझी आई आल्यागेल्याला सांगते, सूनबाई कामावरच आहे, झोपणं हेच तिचं काम आहे आता.

ताईंच्या मिस्टरांनी हे वाचावं अशी विनंती.

पाण्याचा दिवस
रविवार, रात्री १०:१०

सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत. मिस्टरांना वाचून दाखवलं. शाळामास्तरांचं वाचल्यावर ते काही बोलले नाहीत, उठून ड्रमचे नळ बघून आले.

अक्का, उद्या सहा जणींशी बोलते. हिशोबाचा कागद तयार केलाय.

पाण्याचा दिवस
सात आठवड्यांनी, मंगळवार, रात्री ९:४०

उशीर झाला, पण काहीतरी हातात आल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

सहापैकी पाच जणी तयार झाल्या, सहावी भीत होती. आम्ही नर्सिंगच्या प्रमुख मेट्रन मॅडमकडे २५२ तासांचा कागद घेऊन गेलो. शेजारी मागच्या तीन महिन्यांच्या डबल ड्युट्या तारखांसकट लिहिल्या होत्या: २३. मॅडम बराच वेळ बघत होत्या. सातवी सिस्टर मंजूर झाली नाही, मालक तयार झाले नाहीत. मग मी बँकेचं सांगितलं. आमच्याच हॉस्पिटलच्या तीन जुन्या सिस्टर घरी बसलेल्या आहेत, वॉर्ड त्यांना पाठ आहे. ड्युटीप्रमाणे पैसे द्यायचे, महिन्याला चार ते सहा ड्युट्या. रजिस्ट्रेशन तिघींचं चालू निघालं. मालकांनी तीन महिने करून बघा म्हटलं.

लिस्ट आता २० तारखेला लागते. वही सुरू केली, दोन दिवस, कारण न लिहिता. नाइटचं आम्ही आपसात ठरवलं. दोघींना नाइटच सोयीच्या आहेत, एकीचा नवरा रात्री घरी असतो आणि एकीला दिवसा क्लास आहे. त्या आठ-आठ घेतात, सलग तीनच्या वर नाही, आणि नाइटचा भत्ता त्यांना मिळतो. उरलेल्या आम्हा चौघींत वाटल्या जातात, मला या महिन्यात ४ आल्या. पूर्वीही पाच-सहाच असायच्या, पण आता कुठल्या ते मला माहीत असतं.

पगार तेवढाच आहे. पाळणाघराचा अर्ज दिलाय, उत्तर आलेलं नाही. या सात आठवड्यांत बाराचा फोन दोनदा आला. एकदा बँकेतली कुणीच मोकळी नव्हती आणि मी गेले. चंपावती ताई, पोस्ट बेसिकबद्दल तुम्हाला वेगळं विचारणार आहे. मुलगी पहिलीत गेली की करायचं ठरवतेय.

परवा पाण्याचा दिवस होता आणि मी नाइट उतरले होते. उठले तेव्हा अडीच वाजले होते, ड्रम भरलेले, मुलगी कपडे बदलून बसलेली.

मोंढा नाका
बुधवार, सकाळी ६:५०

ताई, आमच्या वॉर्डात एका वेळी एकच असते आणि आम्ही चौघीच आहोत. आम्हाला जमेल का?

अक्का
बुधवार, सकाळी ११:३०

आठवड्याचे १६८ तास, चौघींत ४२. कागदावर बसतं, पण एक जरी आजारी पडली तरी मोडतं. तीस टक्के धरले की साडेचार येतात, म्हणजे पाचवी लागते. आधी तुमच्याकडच्या जुन्या कोण घरी बसल्यात त्यांची नावं काढा आणि त्यांचं रजिस्ट्रेशन चालू आहे का ते विचारा. मागच्या तीन महिन्यांच्या डबल ड्युट्या तारखांसकट लिहा. ते झालं की इथे टाका, लिस्ट मी बसवून देते.